फाल्कन्सचा पोशिंदा कोण?

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात मेरिडन नावाचं एक कारखानदारीचं शहर आहे. चांदीची भांडी आणि काटे-चमचे ही त्याची जुनी ओळख, म्हणून त्याला रुपेरी शहर म्हणत. १९७६ ते १९७९ या चार उन्हाळ्यांत तिथे बायकांचा एक पगारी सॉफ्टबॉल संघ होता, कनेक्टिकट फाल्कन्स. तो चार मोसम खेळला, चारही वेळा अजिंक्यपद घेऊन गेला आणि पाचवा मोसम त्याला लाभलाच नाही. ज्या लीगमध्ये तो जिंकत होता ती लीगच १९७९नंतर बंद पडली.

खेळात हरणारे संघ मोडतात, हे समजतं. चार वर्षांत चार विजेतेपदं मिळवणारा संघ मोडतो, तेव्हा कारण मैदानाबाहेर शोधावं लागतं. बायकांच्या सॉफ्टबॉलचा मागोवा घेताना मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न एकच आहे: पैसे कोण देत होतं? फाल्कन्सच्या आधीच्या पिढ्यांना हा प्रश्न विचारला तर उत्तर चटकन मिळतं. फाल्कन्सपाशी येऊन ते अडतं.

आधी खेळाबद्दल थोडंसं. आपल्याकडे शालेय स्पर्धांमुळे सॉफ्टबॉल निदान नावाने तरी माहीत आहे. बेसबॉलचंच हे भावंड: मैदान लहान, चेंडू मोठा, डाव सात, आणि पिचर चेंडू टाकतो तो हात खालून आणून. ‘सॉफ्ट’ या शब्दावर जाऊ नये, चेंडू चांगला टणक असतो.

त्याचा जन्म मात्र खरोखरच मऊ वस्तूपासून झाला. १८८७ सालच्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही तरुण मंडळी येल विरुद्ध हार्वर्ड फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट बघत बसली होती. तारेने निकाल आला, येल जिंकलं, आणि त्या जल्लोषात एकाने पडलेला बॉक्सिंगचा हातमोजा दुसऱ्याच्या अंगावर भिरकावला. दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाला त्यात खेळ दिसला. मोज्याच्या नाड्या आवळून त्याने त्याचा चेंडू केला, जमिनीवर खडूने रेघा मारल्या आणि हिवाळ्यात छपराखाली खेळायचा बेसबॉल सुरू झाला. पुढे मिनिआपोलिसमध्ये लुईस रोबर या अग्निशमन अधिकाऱ्याने १८९५च्या सुमारास आपल्या जवानांना रिकाम्या वेळेत तंदुरुस्त ठेवायला असाच खेळ बाहेर मोकळ्यावर आणला. बरीच वर्षं प्रत्येक गावात त्याला वेगळं नाव होतं, कुठे तर चक्क ‘किटन बॉल’. सॉफ्टबॉल हे नाव १९२६ साली वॉल्टर हॅकन्सन यांनी सुचवलं आणि हळूहळू तेच रुजलं.

१९३३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. मंदीचे दिवस होते, लोकांच्या हाताला काम नव्हतं, संध्याकाळी वेळच वेळ होता. लिओ फिशर आणि मायकेल पॉली या दोघांनी त्या प्रदर्शनात सॉफ्टबॉलची राष्ट्रीय स्पर्धा घेतली. तीत पुरुषांबरोबर महिलांचाही गट होता. बेसबॉलने बायकांना कधी धड आत घेतलं नाही. सॉफ्टबॉलमध्ये त्या पहिल्याच राष्ट्रीय स्पर्धेपासून होत्या. त्याच वर्षी अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशनची स्थापना झाली आणि नावातल्या ‘अमॅच्युअर’ने पुढची पन्नास वर्षं खेळाडूंचा पिच्छा पुरवला.

हौशी म्हणजे बिनपैशाचा, असं मात्र कुणी समजू नये. पैसा होता, फक्त तो पगाराच्या पाकिटातून येत होता आणि पाकिटावर कारखान्याचं नाव असायचं. मुंबईत महिंद्र किंवा एअर इंडियाचे कबड्डी संघ ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको: नोकरी कंपनीत, खेळायचं कंपनीच्या नावाची जर्सी घालून, आणि कागदोपत्री सगळे हौशी. अमेरिकेत तर गावोगाव असे संघ होते.

कनेक्टिकटच्याच स्ट्रॅटफर्ड गावात रेबेस्टॉस ही कंपनी मोटारींचे ब्रेक लायनिंग बनवायची. तिच्या पुरुष संघाचं नाव कार्डिनल्स. १९४७ साली कंपनीचे विल्यम सिम्पसन यांनी बायकांचाही संघ उभा केला. ब्रेक बनवणाऱ्या कंपनीच्या मुली म्हणून पुढे त्यांचं नाव पडलं ब्रेकेट्स. नाव जरा पोरकट वाटतं, पण या संघाने १९५८ साली पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं आणि त्यानंतर त्यांची रांगच लावली. बर्था टिकी ही त्या काळातली मोठी पिचर कॅलिफोर्नियाहून येऊन ब्रेकेट्सकडून खेळू लागली. कंपनीचं मैदान, कंपनीचे दिवे, कंपनीची बस.

त्याच मैदानाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. कारखान्यातला टाकाऊ माल, त्यात ॲस्बेस्टॉस आणि शिसंही, स्ट्रॅटफर्डमध्ये ठिकठिकाणी भराव म्हणून टाकला गेला. ज्या रेबेस्टॉस मेमोरियल मैदानावर या मुली वर्षानुवर्षं खेळल्या ते मैदानही त्यातून सुटलं नाही. १९९५ साली अमेरिकन सरकारने या सगळ्या जागा देशातल्या सगळ्यात घातक प्रदूषित स्थळांच्या यादीत घातल्या. कंपनीने खेळाला आसरा दिला आणि त्याच जमिनीत विष पेरलं. कारखान्याच्या आश्रयाबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. मी स्वतः तसं हळवं लिहिण्याच्या बेतात होतो.

ब्रेकेट्समध्ये १९५४ साली वॉटरबरी गावची एक शाळकरी मुलगी आली, जोन जॉइस. वडील कार्डिनल्सकडून खेळलेले, त्यामुळे मैदान घरचंच. ती पिचर झाली आणि स्लिंगशॉट पद्धतीने चेंडू टाकू लागली. बहुतेक पिचर हाताचा पूर्ण फेरा मारतात. स्लिंगशॉटमध्ये हात मागे वर जातो, क्षणभर ताणला जातो आणि त्याच वाटेने सपकन खाली येतो. बॅटरला अंदाज बांधायला तो पूर्ण फेराही मिळत नाही.

यात अंतराची गंमत आहे. बायकांच्या सॉफ्टबॉलमध्ये तेव्हा पिचर आणि होम प्लेटमधलं अंतर होतं ४० फूट, बेसबॉलमध्ये ६० फूट ६ इंच. ताशी १०५ किलोमीटर वेगाने आलेला सॉफ्टबॉल ४० फूट कापायला साधारण ०.४२ सेकंद घेतो. बेसबॉलचा चेंडू ताशी १४५ किलोमीटरने आला तरी त्याला प्लेटपर्यंत पोचायला ०.४६ सेकंद लागतात. म्हणजे ‘हळू’ खेळातल्या बॅटरकडे वेळ कमीच असतो. शिवाय चेंडू कमरेखालून सुटतो आणि वर चढत येतो. आयुष्यभर उंचीवरून खाली येणारे चेंडू पाहिलेल्या डोळ्यांना ते जुळवून घेताच येत नाही.

टेड विल्यम्सला हे १९६१ साली वॉटरबरीच्या स्टेडियममध्ये कळलं. विल्यम्स म्हणजे १९४१च्या मोसमात ०.४०६च्या सरासरीने फटकेबाजी करणारा, आणि बेसबॉलच्या अमेरिकन लीगमध्ये अख्खा मोसम ०.४००च्या वर राहिलेला शेवटचा माणूस. नुकताच निवृत्त झाला होता. कर्करुग्ण मुलांच्या निधीसाठी प्रदर्शनी सामना होता, हजारो लोक जमलेले. विशीच्या जोनने त्याला चेंडूमागून चेंडू टाकले. बऱ्याच वेळात त्याच्या बॅटला एक-दोनदा कड तेवढी लागली, एकही चेंडू धड मैदानात गेला नाही, आणि शेवटी तो बॅट टाकून चालता झाला. १९७८ साली हँक ॲरनची गतही अशीच झाली, ७५५ होम रन नावावर असूनही.

जोनची कारकीर्द आकड्यांत मांडायची तर ७५३ विजय, ४२ पराभव आणि ०.०९ अशी पिचिंगची सरासरी. या सरासरीचा अर्थ असा की समोरच्या संघाला तिच्याकडून एक हक्काची धाव मिळायला सुमारे अकरा सामने लागत. १५० सामन्यांत तिने एकही हिट दिली नाही. त्यातल्या ५० सामन्यांत तर एकही बॅटर पहिल्या बेसवरसुद्धा पोचली नाही. बास्केटबॉलच्या एका राष्ट्रीय सामन्यात तिने एकटीने ६७ गुण केले होते, व्हॉलीबॉलही ती वरच्या पातळीवर खेळली. अशी माणसं खेळाला लाभतात तेव्हा खेळाचं भलं होतं असं आपण धरून चालतो. फाल्कन्सच्या बाबतीत मला त्याची खात्री वाटत नाही. त्याकडे येतोच.

पण त्याआधी एक जुना प्रयोग. फाल्कन्सना बायकांचा पहिला पगारी संघ म्हणायचा मोह होतो, तो खरा नाही. दुसऱ्या महायुद्धात पुरुष खेळाडू लढाईवर गेल्यावर मैदानं ओस पडतील या धास्तीने च्युइंग गमचे सम्राट आणि शिकागो कब्जचे मालक फिलिप रिग्ली यांनी १९४३ साली बायकांची पगारी लीग काढली. सुरुवात चार संघांनी झाली: रॉकफर्ड पीचेस, रसीन बेल्स, केनोशा कॉमेट्स आणि साउथ बेंड ब्लू सॉक्स. आठवड्याला ४५ ते ८५ डॉलर पगार. खेळाडूंना स्कर्ट घालून खेळावं लागे, सौंदर्यप्रसाधनांच्या हेलेना रुबिनस्टाइनच्या लोकांकडून चालण्या-बोलण्याचे धडे घ्यावे लागत. स्कर्ट घालून बेसवर घसरलं की मांड्या सोलवटत.

गंमत म्हणजे ही लीग सुरू झाली तेव्हा तिथला खेळ जवळजवळ सॉफ्टबॉलच होता. १२ इंच घेराचा चेंडू, हात खालून, पिचर ४० फुटांवर. मग दर एक-दोन वर्षांनी चेंडू लहान होत गेला, अंतर वाढत गेलं, १९४८मध्ये हात वरून आला आणि १९५४ साली लीग बंद पडली तेव्हा पिचर ६० फुटांवर उभी होती. एक खेळ अकरा वर्षांत प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत दुसरा झाला. १९९२च्या ‘अ लीग ऑफ देअर ओन’ या चित्रपटामुळे ही लीग जगाला माहीत झाली. फाल्कन्सच्या नशिबात तसा चित्रपट आला नाही.

लीग मिटली आणि बायका पुन्हा कारखान्यांच्या संघांकडे वळल्या. पगारी खेळ विसरला गेला, ब्रेकेट्स चालत राहिल्या. डॉना लोपियानो मुलगी आहे म्हणून लहान मुलांच्या लिटल लीग बेसबॉलमधून परत पाठवली गेली होती. १९६३ साली सोळाव्या वर्षी ती ब्रेकेट्समध्ये आली. पुढे टेक्सस विद्यापीठाच्या महिला क्रीडा विभागाची ती प्रमुख झाली आणि मग विमेन्स स्पोर्ट्स फाउंडेशनची सूत्रं तिने बरीच वर्षं सांभाळली. लिटल लीगने मुलींना दार उघडलं ते १९७४ साली, कोर्टाची पायरी चढावी लागल्यावर. आणि त्याच वर्षी मुलींसाठी वेगळा सॉफ्टबॉलचा विभागही काढला. दार उघडून लगेच शेजारच्या खोलीकडे बोट दाखवायचा हा प्रकार.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वारं फिरलं होतं. १९७२मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत मुलींशी भेदभाव करायला बंदी आली. १९७३मध्ये बिली जीन किंगने बॉबी रिग्ज या पुरुष खेळाडूला टेनिसमध्ये हरवलं, कोट्यवधी लोकांनी ते टीव्हीवर पाहिलं. बायकांचा खेळ तिकिटावर विकला जाऊ शकतो, असं तेव्हा पहिल्यांदा गंभीरपणे बोललं जाऊ लागलं. किंग, जोन जॉइस आणि डेनिस मर्फी यांनी मिळून इंटरनॅशनल विमेन्स प्रोफेशनल सॉफ्टबॉल असोसिएशन स्थापन केली आणि १९७६च्या उन्हाळ्यात खेळ सुरू झाला.

यातला मर्फी हा माणूस मला फार रंजक वाटतो. लीग काढणं हाच त्याचा धंदा. पुरुषांच्या बास्केटबॉलची एबीए, आइस हॉकीची डब्ल्यूएचए, टेनिसची वर्ल्ड टीम टेनिस, या सगळ्यांच्या जन्मात त्याचा हात. प्रस्थापित मोठ्या लीगला टक्कर द्यायची, तिचे खेळाडू पळवायचे, आणि शेवटी ती मोठी लीग कंटाळून आपल्याला पोटात घेईल याची वाट बघायची, असं ते गणित. एबीएचे चार संघ १९७६मध्ये एनबीएने घेतले, डब्ल्यूएचएचे चार संघ १९७९मध्ये एनएचएलने. सॉफ्टबॉलमध्ये हे गणित चालण्यासारखं नव्हतं, कारण पोटात घ्यायला बायकांची मोठी लीगच नव्हती. तिथे टक्कर होती ती ब्रेकेट्ससारख्या हौशी संघांशी, आणि त्यांच्याकडे विकत घ्यायला पैसा नव्हता, फक्त खेळाडू होत्या.

पहिल्या मोसमात दहा संघ उतरले, किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत. नावं वाचली की पक्षी अभयारण्यात आल्यासारखं वाटतं: सॅन होजे सनबर्ड्स, शिकागो रेव्हन्स, सॅन डिएगो सँडपायपर्स, फिनिक्स बर्ड, आणि कनेक्टिकटचे ससाणे. १२० सामन्यांचा मोसम, एकाच संध्याकाळी दोन-दोन सामने. पगार मोसमाला १,००० ते ३,००० डॉलर. त्याच वर्षी मेजर लीग बेसबॉलच्या खेळाडूचा सरासरी पगार ५१ हजार डॉलरच्या आसपास होता. म्हणजे उन्हाळ्यात या मुली देशभर प्रवास करणार, आणि उरलेलं वर्ष शाळेत शिकवून किंवा दुसरी नोकरी करून घर चालवणार. कारखान्याच्या काळातही हेच होतं. फरक इतकाच की तेव्हाची नोकरी खेळाशी जोडलेली होती. आता नोकरी वेगळी शोधायची, आणि जून-जुलैमध्ये रजा कोण देणार, हा प्रश्नही आपणच सोडवायचा.

जोन जॉइस फाल्कन्सची पिचर होती आणि मालकीतही तिचा वाटा होता. तिच्याबरोबर ब्रेकेट्सच्या बऱ्याच जणी मेरिडनला आल्या. राष्ट्रीय अजिंक्यपदांची सवय झालेला संघ जवळजवळ आख्खा उचलून नव्या लीगमध्ये आणला गेला. मग जे व्हायचं तेच झालं. पहिल्या वर्षीच्या अंतिम मालिकेत फाल्कन्सनी सनबर्ड्सना हरवलं, आणि नंतरच्या तीन वर्षांतही करंडक मेरिडनलाच आला.

प्रेक्षक तिकीट काढतो तो आज काय होईल हे माहीत नसतं म्हणून. अकरा सामन्यांत एक धाव देणारी पिचर समोर असेल तर त्याला ते बऱ्यापैकी माहीत असतं. सॉफ्टबॉलमध्ये पिचरचं वजन बेसबॉलपेक्षा किती तरी जास्त. एकच पिचर लागोपाठ सामने टाकू शकते, कारण खालून चेंडू टाकताना खांदा तितका थकत नाही. त्यामुळे एकीच्या जोरावर संघ मोसमभर तगतो, आणि लीगमधला समतोल बिघडतो. ब्रेकेट्सच्या काळात हे खपून जात होतं, कारण रेबेस्टॉसला तिकिटांवर जगायचं नव्हतं. कंपनीला आपलं नाव विजेत्यांच्या पाटीवर हवं होतं आणि ते मिळत होतं. लीगला मात्र हरणाऱ्या गावातलीही गर्दी हवी होती.

हे एकच कारण नव्हतं, हेही खरं. देश मोठा, विमानाची तिकिटं महाग. काही मालकांचा दमही एका-दोन मोसमांतच सुटला. जुने संघ बंद पडले, मधेच नवे आले, सेंट लुईस हमर्ससारखा एखादा चांगला निघाला, पण दहाचा आकडा पुन्हा गाठता आला नाही. आणि राष्ट्रीय टीव्हीवर लीगला जागा नव्हती.

या शेवटच्या मुद्द्यापाशी मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इतिहासाने इथे केलेली थट्टा फारच खास आहे. मेरिडनपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर ब्रिस्टल नावाचं गाव आहे. तिथे १९७९च्या उन्हाळ्यात, म्हणजे फाल्कन्सच्या शेवटच्या मोसमात, चिखलात एक इमारत उभी राहत होती आणि सॅटेलाइटच्या मोठ्या तबकड्या बसवल्या जात होत्या. दिवसभर फक्त खेळ दाखवणारी वाहिनी निघणार होती. ७ सप्टेंबर १९७९ला ईएसपीएन सुरू झाली. चोवीस तासांचा रतीब घालायला त्यांच्याकडे खेळ पुरेसे नव्हते, मिळेल ते दाखवायची तयारी होती. आणि पहिल्या संध्याकाळी त्यांनी जो सामना दाखवला तो सॉफ्टबॉलचाच होता. व्यावसायिक सॉफ्टबॉलची अंतिम मालिका, मिलवॉकी श्लिट्झ विरुद्ध केंटकी बर्बन्स. पुरुषांचे संघ. आणि तेही स्लो पिच, म्हणजे चेंडू उंच कमान करून हळू यायचा आणि पोट सुटलेले गडी तो कुंपणापार घालवायचे. संघांची नावं अनुक्रमे बिअरची आणि व्हिस्कीची.

शेजारच्या गावात चार वेळचा अजिंक्य संघ बसला होता, त्याची पिचर टेड विल्यम्सला आणि हँक ॲरनला निरुत्तर करून आली होती, आणि खेळाच्या वाहिनीचं उद्घाटन झालं ते बिअर विरुद्ध व्हिस्कीने. पुरुषांची ती लीगही पुढच्या वर्षी मिटली, त्यामुळे यात फार मोठा कट वगैरे होता असं मी म्हणत नाही. सोयीचं जे दिसलं ते त्यांनी घेतलं. पण सोयीचं काय दिसतं, यावरच पुष्कळ गोष्टी ठरतात.

१९८०चा मोसम झाला नाही. जोन जॉइस तोवर गोल्फकडे वळली होती. तिशीच्या उत्तरार्धात ती एलपीजीएच्या व्यावसायिक दौऱ्यावर खेळू लागली, आणि १९८२ साली एका फेरीत फक्त १७ ‘पट’, म्हणजे भोकाजवळचे हलके टोले, घेऊन तिने विक्रमही केला. बाकीच्यांचं तितकं सोपं नव्हतं. त्या काळच्या हौशीपणाच्या नियमांत एकदा पगारी करारावर सही केली की हौशी स्पर्धांतून बाद. पगार गेला आणि हौसही गेली, अशी ही अवस्था. ब्रेकेट्सचं काय झालं? उत्तम खेळाडू फाल्कन्सकडे गेल्यावर त्या कोसळतील असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी १९७१पासून चालवलेली राष्ट्रीय अजिंक्यपदांची मालिका १९७८पर्यंत अखंड ठेवली. आठ वर्षांत आठ. नंतर रेबेस्टॉस कंपनी बुडाली, प्रायोजकांची नावं बदलली, मैदान बदलावं लागलं, तरी संघ चालूच राहिला.

फाल्कन्सनंतर सतरा वर्षं कुणी हिंमत केली नाही. दरम्यान कॉलेजांनी कारखान्यांची जागा घेतली. टायटल नाइनमुळे मुलींना क्रीडा शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, १९८२पासून एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेने महिला सॉफ्टबॉलची राष्ट्रीय स्पर्धा हाती घेतली, आणि १९९६ला अटलांटात सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये आला. १९९७ला पुन्हा पगारी लीग निघाली. या वेळी पोशिंदे होते मिनिआपोलिसचं काउल्स हे वृत्तपत्रवालं घराणं आणि एक टेलिफोन कंपनी. २००१नंतर तीही थांबली. २००४मध्ये नॅशनल प्रो फास्टपिच या नावाने पुन्हा उभी राहिली आणि २०२१मध्ये बंद झाली. तिच्यातल्या संघांची यादी म्हणजे अल्पायुषी संघांची स्मशानयात्रा: वॉशिंग्टन ग्लोरीला दोन मोसम, फिलाडेल्फिया फोर्सला चार. रॉकफर्ड थंडर तर २००९ साली विजेतेपद मिळवून लगेच संपला, आणि तोही पीचेसच्याच गावात. चॅम्पियन होऊन बंद पडण्याची फाल्कन्सची परंपरा अशी टिकली.

या पिढीतला एक करार मी मुद्दाम जवळून वाचला. २०१६ साली टेक्ससच्या स्क्रॅप यार्ड डॉग्ज संघाने मोनिका ॲबट या पिचरशी सहा वर्षांसाठी दहा लाख डॉलरचा करार केला. बातम्या झळकल्या, ‘पहिली मिलियन डॉलर सॉफ्टबॉलपटू’. पण लीगच्या नियमानुसार आख्ख्या संघाच्या पगाराची मर्यादा होती वर्षाला १ लाख ५० हजार डॉलर. मग हिशेब जमवला कसा? तिचा मूळ पगार वर्षाला २० हजार, आणि बाकीची रक्कम बोनस म्हणून, प्रेक्षकसंख्येवर. सामन्याला शंभरावर लोक आले की बोनस लागू. शंभर! मालकाला तिला पैसे द्यायचेच होते आणि नियमाला वळसा घालायचा होता, म्हणून ही अट, हे उघड आहे. तरी त्या कागदावर शंभर हा आकडा लिहावासा वाटावा, यातच सगळं आलं. २०२०च्या जूनमध्ये याच संघाच्या महाव्यवस्थापक बाईंनी राष्ट्रगीताला आपल्या खेळाडू गुडघे टेकून निषेध न करता उभ्या राहिल्याचा फोटो राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना उद्देशून समाजमाध्यमावर टाकला. कृष्णवर्णीय खेळाडूंना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते आपल्या नावावर खपवलेलं राजकारण वाटलं. सामना संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत हे कळलं, आणि संघातली एकही खेळाडू त्या जर्सीत पुन्हा उतरली नाही. सगळ्यांनी मिळून वेगळ्या नावाने खेळायला सुरुवात केली. पोशिंद्याला खेळाडूंनी सोडल्याची या वंशावळीतली हीच एक ठळक घटना, आणि मला ती चार करंडकांपेक्षा मोठी वाटते.

आता २०२५पासून ॲथलीट्स अनलिमिटेडची नवी लीग आहे. पैसे घातलेत मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे मर्फीच्या गणितातली ती मोठी लीग अखेर पन्नास वर्षांनी आली, पण बाजूच्या खेळातून. आयुक्त आहेत किम अँग, मेजर लीगच्या संघाची महाव्यवस्थापक झालेली पहिली बाई. पहिल्या मोसमात चार संघ होते आणि एकालाही स्वतःचं गाव नव्हतं, सगळे फिरतीवर. मेरिडनसारख्या ठिकाणी संघ बसवून गावाच्या गर्दीवर तो जगवायचा, हा १९७६चा हिशेब त्यांनी निदान सुरुवातीला तरी बाजूलाच ठेवला.

दरम्यान मोठा पैसा कॉलेजात आहे. २०२४ साली नायजरी कनाडी ही पिचर स्टॅनफर्ड सोडून टेक्सस टेकमध्ये गेली ती एका वर्षाच्या दहा लाख डॉलरहून मोठ्या करारावर. ॲबटला जे सहा वर्षांत आणि प्रेक्षक मोजून मिळणार होतं, ते विद्यार्थिनीला एका वर्षात. देणारे आहेत विद्यापीठाचे धनाढ्य पाठीराखे. ब्रेकेट्सची मुलगी कंपनीत कामाला असायची, ही वर्गात नाव नोंदवते.

जोन जॉइससुद्धा शेवटी तिथेच गेली. नव्वदच्या दशकात फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाने सॉफ्टबॉल संघ सुरू केला आणि तिला प्रशिक्षक नेमलं. पगार नियमित, मोसम ठरलेला. पुढे पाव शतकाहून अधिक काळ ती तिथेच राहिली. मार्च २०२२मध्ये प्रशिक्षक म्हणून तिचा हजारावा विजय झाला आणि त्याच महिन्यात, ८१व्या वर्षी, ती गेली. जवळपास तीन दशकं टिकलेली ही नोकरी, आणि स्वतःच्या मालकीच्या संघात मिळालेले चार मोसम.

२००८च्या बीजिंगनंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून वगळला गेला, टोकियोत एकदा परत आला, पॅरिसमध्ये पुन्हा नव्हता. २०२८ला लॉस एंजेलिसमध्ये तो परत येतोय. म्हणजे कागदावर लॉस एंजेलिसमध्ये. प्रत्यक्ष सामने होणार आहेत तिथून दोन हजार किलोमीटरवर ओक्लाहोमा सिटीत, कारण केवळ सॉफ्टबॉलसाठी बांधलेलं तेरा हजार प्रेक्षकांचं स्टेडियम तिथे आहे. कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा १९९०पासून जवळजवळ दर वर्षी तिथेच भरते आणि तिच्या गर्दीमुळेच स्टेडियम वाढवत न्यावं लागलं. स्पर्धेचं प्रक्षेपण ईएसपीएन करते.